पोट एकीचं, वाण दुसरीचं

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिणेला, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा तालुक्यांत, रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेडनेटचे मांडव दिसतात. आत मिरची असते, टोमॅटो असतो, पण तो बाजारात जायचा नसतो. त्याचं बी काढून जालन्याकडच्या बियाणे कंपन्यांना द्यायचं असतं. या प्लॉटमध्ये हंगामभर जे काम चालतं त्याला सगळे ‘क्रॉसिंग’ म्हणतात आणि ते बहुतांशी बायकांच्या हातचं आहे. उद्या उमलणारी कळी आज हेरायची, चिमट्यानं पाकळ्या हलकेच बाजूला करायच्या आणि आतले पुंकेसर पिकून फुटायच्या आत काढून टाकायचे. मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतल्या झाडांचे परागकण त्या रिकाम्या केलेल्या फुलाला लावायचे.

बाहेरून आलेल्याला वाटतं, कौशल्य पराग लावण्यात असणार. पण पराग लावणं नवखं माणूसही लवकर शिकतं. प्लॉट बुडतो तो काढायचं काम कच्चं राहिलं तर. एखादी कळी नजरेतून सुटली की ती स्वतःच्याच परागानं फळते, तिचं बी संकरित बियाण्यात मिसळतं आणि अशा कळ्या जास्त झाल्या की बी पेरून शुद्धता तपासणाऱ्या ग्रो आऊट टेस्टमध्ये अख्खा लॉट नापास होतो.

कोंबड्यांच्या जैवतंत्रज्ञानातली गेल्या काही दशकांची डोकेफोडही याच काढून टाकण्याच्या कामाभोवती आहे. एका जातीच्या कोंबडीच्या पोटी दुसऱ्याच जातीची अंडी तयार व्हावीत यासाठी परक्या जननपेशी भ्रूणात सोडणं शास्त्रज्ञांना बरंच आधी जमलं. भ्रूणाच्या स्वतःच्या जननपेशी काढून टाकणं मात्र जमता जमत नव्हतं. शिवाय इथली अट शेडनेटपेक्षा कडक आहे. क्रॉसिंगमध्ये मादी झाडाचा अर्धा वारसा बियाण्यात राहतोच, तो हवाच असतो. कोंबडीच्या बाबतीत यजमान पक्ष्याचं काहीच पुढच्या पिढीत उतरू नये अशी अपेक्षा असते.

कोणत्याही प्राण्याच्या शरीरात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. त्वचा, स्नायू, हाडं, मेंदू घडवणाऱ्या पेशी त्या प्राण्याबरोबर संपतात. दुसऱ्या थोड्याशा पेशी पुढं शुक्राणू किंवा अंडपेशी होतात आणि वारसा फक्त त्यांच्यातून वाहतो. या दुसऱ्या गटाच्या अगदी सुरुवातीच्या पेशींना आद्य जननपेशी म्हणू. कोंबडीचं अंडं घातलं जातं तेव्हा बलकावरच्या त्या फिकट ठिपक्यात, म्हणजे भ्रूणात, हजारो पेशी तयार झालेल्या असतात. त्यांत आद्य जननपेशी किती? २००० साली जपानी संशोधकांनी या पेशींतच आढळणाऱ्या एका प्रथिनाचा माग काढला, तेव्हा त्या अवस्थेत अशा सुमारे ३० पेशी मोजता आल्या. पुढं त्या कोंबडीच्या वा कोंबड्याच्या पोटी होणारी सारी संतती या मूठभर पेशींमधून येते.

या पेशींचा प्रवास मोठा विलक्षण आहे आणि सगळं तंत्र त्या प्रवासावरच बेतलेलं आहे. अंडं उबवायला ठेवल्यावर पहिल्या दिवशी त्या भ्रूणाच्या डोक्याच्याही पुढं, चंद्रकोरीच्या आकाराच्या एका पट्ट्यात जाऊन जमतात. जिथं पुढं अंडाशय किंवा वृषण होणार आहे त्या जागेपासून हे ठिकाण पुष्कळ लांब. दुसऱ्या दिवशी भ्रूणाचं हृदय धडधडू लागतं, रक्त फिरू लागतं आणि या पेशी सरळ रक्तात उतरतात. त्या आकारानं मोठ्या असतात, आत ग्लायकोजनचे कण भरलेले, त्यामुळे रक्तपेशींच्या गर्दीतही सूक्ष्मदर्शकाखाली ओळखू येतात. रक्ताबरोबर फिरत फिरत अडीच दिवसांच्या सुमारास त्या जननग्रंथींच्या जागी पोचतात, रक्तवाहिनीतून बाहेर पडतात आणि तिथं वस्ती करतात. चार्ल्स स्विफ्ट या अमेरिकन शास्त्रज्ञानं हा प्रवास १९१४ साली वर्णन करून ठेवला. सस्तन प्राण्यांत असं होत नाही. तिथं या पेशी ऊतींमधून सरकत सरकत मुक्कामी जातात. रक्तातून जाणं ही पक्ष्यांची रीत, आणि तीच माणसाच्या पथ्यावर पडली. कारण रक्तात फिरणारी गोष्ट सुईनं काढता येते आणि सुईनंच घालताही येते.

हा एवढा खटाटोप कशासाठी, असं कोणीही विचारेल. गाईचं वीर्य कांड्यांमध्ये गोठवून गावोगावी पोचतं, तसं कोंबड्याचं गोठवावं की. पण कोंबड्याचे शुक्राणू गोठणं सोसत नाहीत. वितळवल्यावर त्यांची फलनक्षमता घसरते आणि किती घसरेल याचा भरवसा नसतो. त्यातच गोठवताना संरक्षक म्हणून वापरायचं ग्लिसरॉल कोंबडीच्या शरीरात फलनालाच अडथळा आणतं. दुसरी अडचण त्याहून मोठी. माणसांत मुलगा की मुलगी हे वडिलांकडून ठरतं, पक्ष्यांत ते आईकडून ठरतं. कोंबड्यात झेड गुणसूत्रांची जोडी असते, कोंबडीत एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे डब्ल्यू गुणसूत्र वीर्यात कधीच नसतं. नुसतं वीर्य साठवून जात जपायची तर मादीकडून येणारा हा भाग हातचा गेलाच. मग अंडंच गोठवावं? एवढा मोठा बलक आतपर्यंत सारखा आणि इजा न होता गोठवणं अशक्य. घातलेल्या अंड्याच्या भ्रूणात जनुक बदलणंही असंच अवघड, कारण उंदराच्या बाबतीत करतात तसं एकाच पेशीच्या टप्प्यावर सुई टोचायला अंडं त्या वेळी कोंबडीच्या पोटात असतं आणि बाहेर येईपर्यंत एकाच्या हजारो पेशी झालेल्या असतात.

उरतो तो मार्ग आद्य जननपेशींचा. त्या गोठवल्या तरी टिकतात, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं राहतात, आणि त्यांत नर-मादी दोन्हींचा पूर्ण वारसा असतो. २००६ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी या पेशी काचपात्रात दीर्घकाळ वाढवून, त्यांत बाहेरचं जनुक घालून, ते पुढच्या पिढीच्या पिल्लांपर्यंत पोचवल्याचं ‘नेचर’मध्ये छापलं. तेव्हापासून अडीच दिवसांच्या भ्रूणाच्या एका थेंबाहून कमी रक्तातून पेशी घ्यायच्या, त्या वाढवून लाखांवर न्यायच्या आणि हव्या तेव्हा दुसऱ्या भ्रूणात सोडायच्या, हा रस्ता खुला झाला.

सोडण्याची कृती सांगायला सोपी आहे. अडीच दिवस उबवलेल्या अंड्याच्या कवचाला छोटी खिडकी पाडायची, आत लाल जाळ्यात धडधडणारा भ्रूण दिसतो. केसाइतकं बारीक तोंड असलेली काचेची नळी त्याच्या मुख्य रक्तवाहिनीत नेऊन काही हजार पेशी आत सोडायच्या, खिडकी बंद करून अंडं परत उबवणी यंत्रात ठेवायचं. रक्तात शिरलेल्या परक्या पेशी आपल्या वाटेनं जाऊन जननग्रंथीत वस्ती करतात. त्यांना कोणी अडवत नाही, कारण त्या वयात भ्रूणाची प्रतिकारशक्ती आपलं-परकं ओळखायला शिकलेली नसते.

पण तिथं घरचे आधीच येऊन बसलेले असतात. पिल्लू मोठं झाल्यावर त्याच्या वृषणात दोन्ही वारशांचे शुक्राणू तयार होतात आणि बहुधा घरच्यांचंच पारडं जड ठरतं. हे प्रमाण पक्ष्यागणिक बदलतं. एखाद्याच्या पिल्लांत परकी पुष्कळ, एखाद्याच्या पिल्लांत एकही नाही. ते कळायला पिसांचा रंग वापरतात. पांढऱ्या लेगहॉर्नचा पांढरा रंग प्रभावी असतो. म्हणून लेगहॉर्नच्या भ्रूणात काळ्या जातीच्या पेशी सोडायच्या, मोठा झाल्यावर त्याचा जोडा काळ्या जातीशीच लावायचा आणि पिल्लं मोजायची. काळं पिल्लू निघालं तर ते पाहुण्या पेशीचं, फिकट निघालं तर घरचं. ही कोंबड्यांची ग्रो आऊट टेस्टच, फक्त कित्येक महिने चालणारी, कारण पिल्लू वयात येईपर्यंत थांबावं लागतं. शेकडो पिल्लं पोसायची आणि त्यांतली थोडी कामाची, हा धंदा प्रयोगशाळेलाही परवडत नाही.

तेव्हा घरच्यांना काढा. पण कसं?

सगळ्यांत सरळ उपाय म्हणजे रक्तच काढून घेणं. जननपेशी रक्तात फिरत असतानाच भ्रूणाचं थोडं रक्त ओढून घ्यायचं, त्याबरोबर त्या काही प्रमाणात बाहेर येतात, मग पाहुण्या पेशी आत सोडायच्या. जपानमध्ये १९९०च्या दशकात हे करून पाहिलं गेलं आणि त्यानं पारडं थोडं कललं. पण सगळं रक्त काढलं तर भ्रूण मरतो आणि थोडं ठेवलं तर घरचे उरतात. दुसरी युक्ती एक दिवस आधी गाठण्याची: पेशी डोक्यापुढच्या चंद्रकोरीत गोळा झालेल्या असतात तेव्हा तो पट्टाच कापून टाकायचा किंवा त्यावर अतिनील किरण मारायचे. गंमत अशी, की जननपेशी पोचल्या नाहीत तरी अंडाशय किंवा वृषण आकाराला येतोच, फक्त आतून रिकामा. नेमकं हेच हवं असतं. परंतु कापाकापीनं कित्येक भ्रूण दगावतात आणि एक-दोन पेशी निसटल्या तरी पुढं त्यांच्या विभाजनानं त्यांचीच गर्दी होते. गॅमा किंवा क्ष-किरणांचा मारा पूर्ण अंड्यावर केला तर जननपेशी मरतात हे खरं, पण बाकीच्या पेशींनाही त्याचा फटका बसतो.

मग आलं औषध. बुसल्फान हे माणसाच्या एका प्रकारच्या रक्तकर्करोगावर दिलं जाणारं जुनं औषध. ते डीएनएला जखडून टाकतं आणि पेशीला विभागू देत नाही. आद्य जननपेशी त्याला विशेष बळी पडतात. अडचण ही, की ते पाण्यात नीटसं विरघळत नाही. द्रावकात विरघळवून बलकात टोचलं तर एका जागी गोळा होतं, कुठं जास्त कुठं कमी लागतं आणि भ्रूण वाकडेतिकडे होतात किंवा कवचातच मरतात. अमेरिका आणि जपानमधल्या गटांनी ते तेलाच्या बारीक थेंबांत घोळून, बलकात सावकाश झिरपेल असं मिश्रण करून दिलं. त्यानं फरक पडला. घरच्या जननपेशी नगण्य उरल्या आणि काही पक्ष्यांची जवळजवळ सगळी पिल्लं पाहुण्या वारशाची निघाली. तरीही मात्रा जरा वाढली की अंडी उबत नाहीत, जरा कमी पडली की घरचे जिवंत. शिवाय हे विषारी रसायन हाताळायचं म्हणजे काम करणाऱ्यांनाही जपावं लागतं. माझ्या मते या पद्धतीचं श्रेय हे, की रिकामं केलेलं यजमान किती उपयोगी पडतं ते तिनं निर्विवाद दाखवून दिलं. रोजच्या वापराची पद्धत ती होऊ शकली नाही.

शेडनेटवाल्यांनीही एका टप्प्यावर हाच विचार केला होता: कळ्या एकेक करून खुडण्यापेक्षा पुंकेसर निकामे असलेलं झाडच मादी म्हणून का लावू नये? मिरचीत, कापसात नरवंध्य वाण त्यासाठीच आले. कोंबडीतही पुढची झेप तीच होती, आणि ती घेतली स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेनं. १९९६ साली डॉली मेंढी जन्माला आली ती संस्था. तिथल्या माइक मॅकग्र्यू यांच्या गटानं डीडीएक्स-४ नावाचं जनुक निकामी केलेल्या कोंबड्या तयार केल्या. हे जनुक जननपेशींच्या टिकावाला लागतं आणि ते झेड गुणसूत्रावर असतं. कोंबडीकडे झेड एकच. ती प्रत बिघडलेली असेल तर पर्याय नाही. जननपेशी टिकत नाहीत आणि कोंबडी अंडी घालत नाही. कोंबड्याकडे दोन झेड, एक बिघडली तरी दुसरी काम भागवते, म्हणून तो सुपीक राहतो आणि वांझ लेकींची वीण चालू ठेवतो. त्याच्या निम्म्या लेकी आपोआप रिकाम्या. यात विष नाही आणि किरणही नाहीत. २०१९ साली या गटानं दाखवलं, की अशा वांझ निपजणाऱ्या मादी भ्रूणांत दुर्मीळ जातींच्या गोठवलेल्या जननपेशी सोडल्या तर त्या कोंबड्या मोठ्या होऊन अंडी घालतात, आणि ती अंडी फक्त त्या दुर्मीळ जातींची असतात.

एक उणीव उरली. यानं फक्त माद्या रिकाम्या होत होत्या. नर-मादी दोन्ही यजमान हवे होते, आणि पाहुण्या पेशीही शक्यतो त्या-त्या लिंगाच्या यजमानात सोडायच्या होत्या, कारण मादीची जननपेशी वृषणात घातली तर तिचे शुक्राणू नीट होत नाहीत असा तोवरचा समज होता. २०२१ साली त्याच संस्थेतून जी युक्ती पुढं आली ती मला या सगळ्या कथेतली सर्वांत सुंदर वाटते. प्रत्येक पेशीत आत्मनाशाची एक यंत्रणा असते. तिच्यातलं एक प्रथिन म्हणजे कॅस्पेज-९. त्याचे दोन रेणू जोडले गेले की पेशी स्वतःला संपवते. संशोधकांनी या प्रथिनाचं असं रूप बनवलं, की त्याची जोडी एका विशिष्ट औषधाचा रेणू मध्ये आल्याशिवाय जुळत नाही. मग ते फक्त जननपेशींतच जागं असणाऱ्या एका जनुकाच्या जोडीला बसवलं. अशा कोंबड्या एरवी धडधाकट जगतात, वीणही देतात. ज्या अंड्यातून सरोगेट, म्हणजे परका वारसा वाहणारा यजमान पक्षी काढायचा, त्याच्या अडीच दिवसांच्या भ्रूणात पाहुण्या पेशी आणि ते औषध एकत्रच टोचायचं. घरच्या पेशींत ही आत्मनाशाची कळ आहे, त्या मरतात. पाहुण्यांत कळ नाही, त्यांना औषधाचं काही होत नाही. काढणं आणि घालणं एकाच सुईत.

आता असे दोन सरोगेट घ्या, एक नर, एक मादी, दोघांच्या पोटी एकाच जातीचा वारसा. त्यांचा जोडा लावला की पहिल्याच पिढीत शंभर टक्के त्या जातीची पिल्लं. मधल्या संकरित पिढ्या नाहीत, निवड करत बसणं नाही. या गटानं याच वाटेनं पश्चिम आफ्रिकेतल्या कोंबड्यांत आढळणारं कुरळ्या पिसांचं जनुक लाइट ससेक्स या इंग्रजी जातीत आणून दाखवलं. अशी पिसं अंगाला चिकटून बसत नाहीत, उष्णता बाहेर पडू देतात. आपल्याकडे ‘उलट्या पिसांची’ म्हणून जी कोंबडी ओळखली जाते ती याच गुणाची. तिला मागणी उन्हापेक्षा देवऋषींकडून जास्त असते, हा भाग वेगळा.

अशा सरोगेट कोंबडीनं घातलेलं अंडं नेमकं कोणाचं? कवच, पांढरं, आकार हे सगळं यजमान कोंबडीच्या अंडनलिकेचं काम, तेव्हा ते तिच्या जातीसारखं दिसणार. बलकातलं पोषण तिच्या यकृतातून आलेलं, पिल्लाला सुरुवातीला लाभणारी रोगप्रतिकारक द्रव्यं तिनंच दिलेली. आतला जीव मात्र अथपासून इतिपर्यंत दुसऱ्या जातीचा, अगदी पेशीतल्या मायटोकाँड्रियापर्यंत. भुऱ्या कवचाची अंडी घालणाऱ्या यजमानाच्या खुराड्यातून पांढऱ्या कवचाच्या जातीचं वाण भुऱ्या कवचात बाहेर पडेल, आणि त्या पिल्लातली मादी पुढं पांढरी अंडी घालू लागेल.

हे सगळं स्कॉटलंडातच राहिलं असतं तर विदर्भातल्या वाचकाला त्याचं फार काही वाटायचं कारण नव्हतं. पण महाराष्ट्राची स्वतःची म्हणावी अशी एक कोंबडीची जात आहे आणि तिची कहाणी या विषयाला येऊन भिडते. तिचं नाव बुसरा. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत ती महाराष्ट्र आणि गुजरात या दोन राज्यांच्या नावे नोंदली आहे. मुलूख नंदुरबार-धुळ्याचा आदिवासी पट्टा आणि लगतचा गुजरात. लहानखुरी, पांढऱ्या पिसांत काळी-तांबूस झाक असलेली, वर्षाकाठी पन्नासच्या आसपास अंडी घालणारी. व्यापारी लेअर याच्या सहापट अंडी देते, पण ती खुडूक बसत नाही, स्वतः अंडी उबवत नाही आणि गव्हाणीमागचे किडे खाऊन जगतही नाही.

फेब्रुवारी २००६ मध्ये भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक झाला तो नवापूरला, म्हणजे बुसराच्या ऐन मुलखात. एच-५-एन-१ विषाणू व्यापारी पोल्ट्रीत सापडला आणि परिसरातल्या लाखो कोंबड्या मारण्यात आल्या. त्यात शेडमधल्या होत्या तशा अंगणातल्याही. मार्चमध्ये तो जळगाव जिल्ह्यात निघाला, म्हणजे मलकापूर-मोताळ्याच्या शेजारी. अशा मोहिमेत कोंबडीची जात कोणी विचारत नाही, विचारून चालतही नाही. लहान प्रदेशातल्या जातीला असा एक उद्रेक पुरेसा असतो. शिवाय बर्ड फ्लू नसला तरी भेसळ चालूच असते. गिरीराज, वनराज, ऱ्होड आयलंड रेड यांचे कोंबडे अंगणात आले की दोन-चार पिढ्यांत ‘गावरान’ हा फक्त रश्श्याच्या भावाचा शब्द उरतो. बुलढाण्यातल्या बाजारात गावरान म्हणून विकल्या जाणाऱ्या कोंबड्यांत हे मिश्रण उघड दिसतं, आणि त्याबद्दल पाळणाऱ्याला दोष देता येणार नाही. त्याला वजन हवं असतं.

रोझलिनच्या गटानं आणि आफ्रिकेतल्या सहकाऱ्यांनी २०२२ साली आणखी एक पद्धत मांडली आणि मला वाटतं आपल्यासाठी खरी महत्त्वाची ती. रक्तातून पेशी काढून आठवडेच्या आठवडे महागड्या द्रावणात वाढवण्याऐवजी, नऊ-दहा दिवस उबवलेल्या भ्रूणातली इवलीशी जननग्रंथीच काढून सरळ गोठवायची. त्या वयात तिच्यात आद्य जननपेशी भरपूर असतात, आणि डाव्या-उजव्या ग्रंथींच्या आकारावरून नर-मादीही कळते, कारण कोंबडीत डावा अंडाशयच वाढतो, उजवा मागं पडतो. याला उबवणी यंत्र, सूक्ष्मदर्शक, सराईत हात आणि द्रव नायट्रोजन लागतो. नायट्रोजनचे कंटेनर कृत्रिम रेतनासाठी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात असतातच. वारसा आज गोठवून ठेवावा, कळ बसवलेले यजमान उद्या मिळाले तरी चालतील. दोन्ही कामं एकाच वेळी व्हायची गरज नाही, हे या पद्धतीचं मर्म.

बर्ड फ्लूविरुद्धही आद्य जननपेशींचं हे तंत्र वापरलं गेलं. २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी आद्य जननपेशींतलं एएनपी-३२-ए हे जनुक किंचित बदलून कोंबड्या तयार केल्या. इन्फ्लुएंझाचा विषाणू स्वतःच्या प्रती काढायला कोंबडीचं हे प्रथिन राबवतो. त्यात बदल केला की त्याचं काम अडतं. एच-९-एन-२ विषाणूच्या नेहमीच्या मात्रेला सामोऱ्या गेलेल्या १० पैकी ९ कोंबड्यांना लागण झाली नाही. मात्रा हजारपट केल्यावर मात्र निम्म्यांना झाली, आणि विषाणूनं त्याच कुटुंबातली दुसरी प्रथिनं वापरायला सुरुवात केल्याचं दिसलं. एका जनुकानं भागत नाही, हे संशोधकांनी स्वतःच सांगितलं. ‘बर्ड फ्लूमुक्त कोंबडी’ असे मथळे तेव्हा झळकले, ते या दुसऱ्या अर्ध्याकडे न पाहता.

कायद्याची बाजू कापूस पट्ट्याला नव्यानं सांगायला नको. २००२ साली बीटी कापसाला परवानगी देणारी जीईएसी ही समिती ज्या १९८९च्या नियमांखाली काम करते, त्यांत जनुक बदललेले प्राणीही येतात. २०२२ मध्ये केंद्रानं जनुक संपादनाच्या काही प्रकारांना सवलत दिली ती फक्त वनस्पतींना. त्यामुळे कॅस्पेजची कळ बसवलेली यजमान कोंबडी निःसंशय नियमांत मोडते. तिच्या पोटी जन्मलेलं बुसराचं पिल्लू मात्र जनुकीयदृष्ट्या पूर्णपणे बुसराच. यजमानाचं बदललेलं जनुक त्याच्यात उतरूच शकत नाही, कारण ज्या जननपेशींत ते होतं त्या सगळ्या मेलेल्या. या फरकाची दखल नियमांना कधी तरी घ्यावी लागेल.

गोठवलेली जात आणि अंगणातली जात एक नव्हे, हेही खरं. नायट्रोजनमधल्या पेशी बदलत नाहीत. बाहेरचे रोग, ऊन, दाणापाणी बदलत राहतं आणि अंगणातली कोंबडी त्याबरोबर बदलते. म्हणून गोठवणं हा पाळण्याला पर्याय ठरत नाही, आणि कोणी तसा तो विकू लागलं तर सावध राहावं. तरीही नवापूरसारखा दिवस पुन्हा आला तर हाती काही असलेलं बरं. बुसराचा असा साठा करायचा झालाच तर अंडी एखाद्या सरकारी फार्मच्या एका कळपातून गोळा करून चालणार नाही. बंद कळपातले पक्षी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांचे नातलग झालेले असतात. नवापूर-साक्रीच्या पाड्यापाड्यांतून, घरटी दोन-चार अशी, जिथं बाहेरचा कोंबडा अजून पोचलेला नाही तिथून ती घ्यावी लागतील, आणि ज्या घरांतून घेतली त्यांची नोंद साठ्याबरोबर ठेवावी लागेल. जातीच्या मालकीचा प्रश्न उद्या निघालाच, तर त्या घरांचा हक्क त्या नोंदीवरच ठरणार आहे.